कांद्याच्या हिशोबाला किती लायब्रऱ्या लागतात?

प्रश्न : मी पंचवटीच्या मार्केट यार्डात एका अडत्याच्या पेढीवर हिशोबाला आहे. बी.कॉम. झालोय, वर्षभरात पायथॉन बऱ्यापैकी शिकलो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि नाशिकचे कांद्याचे भाव व आवक रोज एक्सेलमध्ये येतात. ते एकत्र करून शेठना महिन्याचा तक्ता द्यायचा असतो. एका मित्राने ‘प्रोग्रामरकडे असायलाच हव्यात’ अशा पंचवीस लायब्रऱ्यांची (तयार कोडच्या संचांची) यादी पाठवली. सगळ्या टाकल्या, तर आता तक्ते हाताळणारं पांडाजच उघडत नाही. ‘नमपाय डीटाइप साइज चेंज्ड’ असं काहीतरी येतं. लॅपटॉप चार जीबी रॅमचा आहे. यातल्या खरोखर कुठल्या शिकू?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आधी बंद पडलेलं सुरू करू, शिकायचं काय ते मग.

पांडाजचा बराचसा आतला भाग आधीच कंपाइल केलेला (यंत्राच्या भाषेत उतरवलेला) असतो आणि तो नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या ठरावीक रचनेशी जुळवलेला असतो. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा ही आतली जुळणी बदलली. तुमच्या यादीतल्या कुठल्या तरी लायब्ररीने नमपायची वेगळी आवृत्ती मागितली, पिपने (लायब्रऱ्या बसवणाऱ्या साधनाने) असलेली काढून ती बसवली आणि पांडाज जुन्याच मापाचं राहिलं. त्या वेळी पिपने लाल अक्षरांत इशारा दिला असणार. पण इशारा देऊनही पिप काम पुरं करतं, म्हणून तो कुणी वाचत नाही.

आता एकेक लायब्ररी काढत बसू नका. मुख्य पायथॉन आहे तसं राहू द्या आणि या कामासाठी वेगळं वातावरण, म्हणजे लायब्रऱ्यांचा स्वतंत्र कप्पा, करा. (आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.) डी ड्राइव्हवर ‘बाजारभाव’ नावाचा फोल्डर करा, त्याचं नाव मात्र रोमनमध्ये आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. त्यात कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पाय -एम वेन्व .वेन्व’ ही आज्ञा द्या, मग ‘.वेन्व\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’. ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘.वेन्व’ दिसलं की तुम्ही आत आलात. आता ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल पांडाज ओपनपायएक्सएल रिक्वेस्ट्स’. तीनच नावं. नमपाय वेगळं टाकायचं नाही, पांडाज स्वतःला हवं ते घेऊन येतं. सगळं नीट चाललं की लगेच ‘पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ करून आवृत्त्यांची नोंद ठेवा.

इथे अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. पॉवरशेलमध्ये ॲक्टिव्हेट केलं आणि स्क्रिप्ट चालवायला मनाई असल्याचा संदेश आला, तर साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा, सेटिंग बदलायची गरज नाही. पायथॉनची अगदी ताजी आवृत्ती घेतली असेल तर काही लायब्रऱ्यांच्या तयार फाइली तिच्यासाठी आलेल्या नसतात. मग पिप त्या घरीच कंपाइल करायला जातं आणि मायक्रोसॉफ्टच्या सी++ साधनांची मागणी करतं. एक आवृत्ती मागचं पायथॉन घ्या, प्रश्न मिटतो. आणि हा ‘.वेन्व’ फोल्डर पेनड्राइव्हवरून पेढीच्या संगणकावर कॉपी करू नका. त्यात तुमच्या लॅपटॉपवरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. तिकडे नवीन करा आणि ‘पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ द्या.

आता यादीचं. ती चुकीची नाही, पण ती कुणाच्याच कामाची नाही. टेन्सरफ्लो (मशीन लर्निंग), जँगो (वेबसाइट) आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणं) एकाच माणसाला एकाच कामासाठी लागत नाहीत. तुमच्या कामाला बाहेरच्या चार पुरतात. त्याआधी पायथॉनसोबत फुकट आलेल्या पाच-सहा नीट येणं जास्त गरजेचं आहे आणि लोक नेमक्या त्याच सोडून देतात.

पाथलिब घ्या. फाइलींचे पत्ते जोडायला उलट्या तिरप्या रेघा हाताने लिहिणं त्याने संपतं. फोल्डरमधल्या सगळ्या एक्सेल फाइली ‘ग्लॉब’ने मिळतात. पण एखादी फाइल त्या वेळी कुणी उघडून बसलं असेल, तर एक्सेल शेजारी ‘~$’ने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल तयार करतं आणि ग्लॉब तीही उचलतं. ती खरी एक्सेल फाइल नसते, त्यामुळे स्क्रिप्ट तिथेच कोसळते आणि माणूस भलत्याच फाइलीत दोष शोधत राहतो. ‘~’ने सुरू होणारी नावं वगळणारी एक ओळ पहिल्याच दिवशी लिहून टाका.

पैशांसाठी डेसिमल. पायथॉनमध्ये ‘राउंड’ला २.५ दिले तर २ येतात आणि ३.५ दिले तर ४. अर्धा आला की ते सम संख्येकडे झुकतं. २.६७५ दोन दशांशांपर्यंत आणले तर २.६७ मिळतात, कारण द्विमान पद्धतीत २.६७५ ही संख्या नेमकी मावतच नाही, किंचित कमी साठते. महिन्याच्या तक्त्यात याने काही बिघडत नाही. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई वजा करताना मात्र पैशाचा फरक पडला की पट्टी परत येते. डेसिमलला आकडा अवतरणात, म्हणजे मजकूर म्हणून द्या आणि ‘राउंड हाफ अप’ सांगा. फ्लोट, म्हणजे पायथॉनची साधी दशांश संख्या, सरळ डेसिमलमध्ये घातलात तर आतली चूक जशीच्या तशी पुढे येते. याहून सोपा मार्ग म्हणजे सगळी रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून धरायची आणि छापताना १०० ने भागायचं.

एस्क्यूलाइट हा छोटा डेटाबेसही पायथॉनसोबतच येतो, सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एका फाइलीत राहतो. रोजचे भाव एक्सेलच्या फाइलींतच साठवत गेलात तर वर्षाअखेरी ढीग होईल. एक तक्ता करा : बाजार, वाण, तारीख, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. बाजार, वाण आणि तारीख या तिघांवर मिळून ‘युनिक’ बंधन घाला आणि नोंद ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ने करा. मग तीच स्क्रिप्ट दिवसात दोनदा चालली तरी आवक दुप्पट होत नाही. तक्ता डेटाबेसात लिहिणारं पांडाजचं ‘टू एस्क्यूएल’ इथे धोक्याचं आहे. ‘अपेंड’ दिलं तर नोंदी दुणावतात किंवा बंधनावर आपटून चूक येते, ‘रिप्लेस’ दिलं तर नवीन दिवस आत आणि आधीचा सगळा तक्ता साफ.

गावांची नावं हा तुमच्या कामातला सगळ्यात चिवट भाग ठरेल, आणि त्यासाठी लागणारी युनिकोडडेटा ही लायब्ररी कुठल्याच ‘टॉप’ यादीत नसते. सुरगाणा तालुक्यातलं बाऱ्हे घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलन्त टाकतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. गावांनुसार बेरजेसाठी ग्रुपबाय केलं की बाऱ्हेच्या दोन ओळी येतात आणि आवक दोघींत वाटली जाते. युनिकोडडेटाचं ‘नॉर्मलाइझ’ एनएफसीने (अक्षरं एकाच रूपात आणणाऱ्या पद्धतीने) चालवलं तर ‘र’ आणि खाली नुक्ता असं लिहिलेलं ‘ऱ’शी जुळतं, पण झेडडब्ल्यूजेवालं जुळत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ बदली करा, मग एनएफसी, मग दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा काढा, मग मधल्या दोन-तीन जागांची एक करा.

तरीही ‘पिंपळगांव’, ‘पिंपळगाव (ब)’, ‘पिंपळगाव ब.’ उरतातच. त्याला लायब्ररी नाही, दोन रकान्यांची सीएसव्ही आहे : डावीकडे आलेलं नाव, उजवीकडे प्रमाण नाव. जे नाव तक्त्यात सापडत नाही ते वेगळ्या यादीत काढा आणि माणसाने बघून भरा. रॅपिडफझ नावाची लायब्ररी जवळची नावं सुचवते, पण तिच्याकडून सुचवण्यापुरतंच काम घ्या. ‘पिंपळगाव ब.’ म्हणजे निफाडचं पिंपळगाव बसवंत की सातपूरजवळचं पिंपळगाव बहुला, हे तिला कळणार नाही. पेढीवरच्या हमालाला कळेल.

एक आनंदाची गोष्ट : पायथॉनच्या ‘इंट’ आणि ‘फ्लोट’ला देवनागरी अंक समजतात. ‘१८५०’ हा मजकूर दिला तरी संख्या मिळते. पांडाजचा सीएसव्ही वाचक मात्र असा रकाना मजकूर म्हणूनच ठेवतो, तिथे ‘मॅप’ने इंट लावा. ‘१,८५०’मधला स्वल्पविराम आधी काढावा लागतो. आणि जुन्या फाइलींत श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर असेल, तर ती मुळात मराठी अक्षरं नाहीतच, रोमन खुणांना मराठी मुखवटा चढवलेला आहे. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बदलून काही होणार नाही, त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टरच लागेल.

आता बाहेरच्या. पांडाज हे तुमचं मुख्य हत्यार, त्यावर दोन महिने घालवले तरी चालतील. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये ते लिहायला घेतलं ते गुंतवणूक कंपनीतल्या आकडेमोडीसाठी, त्यामुळे तारीखवार आकड्यांत ते तरबेज आहे. बाजाराच्या एक्सेलमध्ये वरच्या दोन ओळी समितीचं नाव आणि शीर्षक यांत जातात. तेव्हा ‘हेडर’ला २ द्या, मोजणी शून्यापासून आहे. बाजाराचं नाव एकत्र केलेल्या मर्ज्ड खान्यात असेल तर ते फक्त पहिल्या ओळीला मिळतं, खालच्या रिकाम्या येतात. त्या ‘एफफिल’ने भरा. तळाची ‘एकूण’ ओळ काढायला विसरलात तर महिन्याची आवक बरोब्बर दुप्पट होते. असा नेमका दुप्पट आकडा दिसला की आधी तिकडेच बघा. लॉट नंबरच्या रकान्यात एखादा खाना रिकामा असेल तर सगळे नंबर १०४२ ऐवजी १०४२.० होतात. नंबर, मोबाइल, बँक खातं, हे सगळं ‘डीटाइप’ देऊन मजकूर म्हणूनच वाचा. खातं क्रमांकाचा पुढचा शून्य त्यानेच वाचतो. मात्र १५ हून जास्त अंकांचा क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाइप झाला असेल, तर शेवटचे अंक एक्सेलनेच शून्य केलेले असतात. ते पांडाजला परत आणता येत नाहीत.

तारखांना मात्र एक अख्खी दुपार द्या. ज्या संगणकावर प्रदेश अमेरिका ठेवलेला आहे तिथे कुणी ०५/०३/२०२५ टाइप केलं की एक्सेल ते ३ मे समजून साठवतं. १३/०३/२०२५ मध्ये तेरावा महिना नसल्याने ते मजकूर म्हणून पडून राहतं. म्हणजे एकाच रकान्यात महिन्याचे पहिले बारा दिवस उलटे झालेले आणि बाकीचे अक्षरं झालेले. डोळ्याला दोन्ही तारखाच दिसतात. आलेखात मार्चचे दिवस जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत विखुरलेले दिसले तर कारण हेच. दुरुस्ती दोन भागांत करा. जे खाने खरी तारीख म्हणून आले आहेत त्यांचा दिवस-महिना अदलाबदल करा, जे मजकूर आहेत ते दिवस-महिना-वर्ष असा स्पष्ट फॉर्मॅट देऊन वाचा. ‘डेफर्स्ट’वर विसंबू नका, ते सक्तीचं नाही, जमलं नाही तर पांडाज उलटं वाचून मोकळं होतं. आणि पेढीच्या संगणकावर प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ करून घ्या, म्हणजे रोग मुळातून जाईल.

शेठना सरासरी भाव देताना भावाच्या रकान्याचं ‘मीन’ काढू नका. एका दिवशी ५०० क्विंटल १,२०० रुपयांनी आणि दुसऱ्या दिवशी २,००० क्विंटल १,८०० रुपयांनी गेला, तर साधी सरासरी १,५०० येते. आवकेचं वजन धरून काढलेली १,६८०. क्विंटलमागे १८० रुपयांचा फरक आहे. भाव गुणिले आवक यांची बेरीज, भागिले एकूण आवक. उन्हाळ आणि लाल कांदा एकत्र करूनही सरासरी काढू नका.

ओपनपायएक्सएल पांडाजला एक्सेल वाचायला लागतंच, तयार तक्त्यावर रंग, रकान्यांची रुंदी वगैरेही त्यानेच होतं. ते फक्त एक्सएलएसएक्स वाचतं. जुन्या एक्सएलएस फाइलींना एक्सएलआरडी लागतं, ज्याने आवृत्ती २.० पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, नवा प्रकार वाचणं बंद केलं आहे. ‘डेटा ओन्ली’ चालू करून फाइल उघडली की सूत्राऐवजी त्याचं उत्तर मिळतं. तीच फाइल त्या अवस्थेत सेव्ह केली तर सगळी सूत्रं गेली. फाइलीतले आकार आणि मॅक्रोही सेव्ह करताना निसटू शकतात. शेठच्या मूळ फाइलीवर कधीही लिहू नका, नवीन नावाने काढा. मराठी सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, नाहीतर अक्षरांचा चिवडा होतो.

इंटरनेटवरून माहिती आणणारी रिक्वेस्ट्स शिकायला एक संध्याकाळ पुरे. तिची एकच खोड लक्षात ठेवायची : ती आपणहून थांबत नाही. टाइमआउट दिला नाही आणि समोरचा सर्व्हर गप्प बसला, तर स्क्रिप्ट सकाळपर्यंत वाट बघत राहील. जोडणीला ५ आणि उत्तराला ३० सेकंद द्या, मग ‘रेज फॉर स्टेटस’, म्हणजे सर्व्हरने नकार दिला तर चूक दिसेल. डेटा डॉट गव्ह डॉट इनवर देशभरच्या बाजारांचे रोजचे भाव एपीआयने, म्हणजे प्रोग्रामला थेट, मिळतात. तिथली नमुना किल्ली (एपीआय वापरायचा संकेत) एका मागणीत जास्तीत जास्त १० नोंदी देते, म्हणून नोंदणी करून स्वतःची घ्या आणि ‘लिमिट’ व ‘ऑफसेट’ने पुढे सरका. किल्ली कोडमध्ये लिहू नका. लिलाव बंद असेल त्या दिवशी उत्तर २०० (सगळं ठीक असल्याचा संकेत) येतं आणि नोंदी शून्य असतात, ती चूक नव्हे. प्रमाणपत्राची तक्रार आली म्हणून ‘व्हेरिफाय’ (सर्व्हरची ओळख तपासणं) बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल, तो ऐकू नका.

चौथी पीडीएफप्लंबर, तीही बाजाराचे अहवाल पीडीएफमध्ये येत असतील तरच. आखलेले तक्ते ती छान उचलते. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर तिला काहीच दिसणार नाही. मग चित्रातली अक्षरं वाचणारं टेसरॅक्ट. पिपने येणारं पायटेसरॅक्ट हे नुसतं जोडणारं आहे, मूळ टेसरॅक्ट विंडोजवर वेगळं बसवावं लागतं आणि बसवताना मराठीची खूण करावी लागते. स्कॅन ३०० डीपीआयचा हवा. तरी ३ आणि ८ ची गल्लत होते, म्हणून किमान ≤ सर्वसाधारण ≤ कमाल ही तपासणी प्रत्येक ओळीवर लावा.

मॅटप्लॉटलिब आलेखांना ठीक. त्याच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोन दिसतात. फॉन्ट बदलला तरी आजवरच्या बहुतेक आवृत्त्यांत वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसत नाहीत. आलेख एक्सेलमध्येच काढा. ब्यूटिफुलसूप वेब पानं वाचायची वेळ आली तर, आणि कोडच्या चाचण्यांसाठी पायटेस्ट, स्क्रिप्ट दोनशे ओळींपुढे गेली की. टेन्सरफ्लो विसरा, चार जीबीत तो नुसता उघडायलाच दमेल.

टाकायचं नाव आणि वापरायचं नाव कधी कधी वेगळं असतं, तिथे जपा. पिलो टाकायची आणि ‘पीआयएल’ म्हणून आणायची, सायकिट-लर्न टाकायची आणि ‘एसकेलर्न’ म्हणून. अंदाजाने नाव टाइप करू नका. नावातलं एखादं अक्षर फिरवून घातक पॅकेजेस टाकून ठेवणारे लोक आहेत आणि इन्स्टॉल करतानाच त्यांचा कोड चालू शकतो. आपल्या स्वतःच्या फाइलीला ‘पांडाज.पीवाय’ किंवा ‘सीएसव्ही.पीवाय’ असं नाव देऊ नका. पायथॉन खऱ्या लायब्ररीआधी तीच उचलतं आणि ‘पार्शली इनिशियलाइझ्ड मॉड्यूल’ अशी तक्रार करतं.

सगळं जमलं की स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरवर (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या साधनावर) टाका. हाताने चालते आणि शेड्यूलरवर मरते, याचं बहुतेक वेळा कारण असं की तिथे कामाचा फोल्डर विंडोजचा सिस्टिम३२ असतो. तेव्हा ‘प्रोग्राम’च्या खान्यात ‘.वेन्व’मधल्या पायथॉनचा पूर्ण पत्ता द्या, ‘स्टार्ट इन’मध्ये बाजारभाव फोल्डरचा पत्ता अवतरणचिन्हांशिवाय, आणि कोडमध्ये सगळे पत्ते स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेपासून मोजा. प्रिंट केलेलं तिथे कुणाला दिसत नाही, म्हणून लॉगिंगने फाइलीत लिहा आणि त्या फाइलीचंही एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, नाहीतर पहिलं मराठी गाव आलं की लॉगमध्ये नेमकी तीच ओळ उतरणार नाही.